नगरसेविकेचा फोन नवऱ्याकडंच का?

उत्तर कसबा : काल इथं, आपल्या सोलापूरच्या ग्रुपवर, एका भावानं लिहिलं, "सही बाईची, कारभार नवऱ्याचा. महापालिकेतलं हे बायकांचं ५० टक्के आरक्षण बंदच करा." खाली अंगठ्यांचा ढीग. डोकं तापलं म्हणून सविस्तर लिहितेय.

मागं आमच्या गल्लीत ड्रेनेज तुंबलं, नळाला वास यायला लागला, शेजारच्या दोन पोरांना जुलाब. नगरसेविकेला फोन लावला, उचलला नवऱ्यानं. म्हटलं, वहिनींना द्या. "मला सांगा की, एकच हाय." मी पुन्हा लावला, परत लावला. तिसऱ्यांदा बाईंनी घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चेंबरपाशी स्वतः उभ्या, नाकाला पदर लावून. आणि गल्लीतले सगळे बाप्ये बोलत होते त्यांच्या नवऱ्याशी! बाईंकडं बघायला कुणी तयार नाही. मग त्या कारभार शिकणार कुठून?

चाटी गल्ली : ती पोस्ट माझीच. ताई, तुमचा एक अनुभव, माझे चार. झोन ऑफिसात खुर्चीवर नवरा, बाई घरी. २०१७ ला महापालिकेत १०२ पैकी ५१ जागा बायकांच्या होत्या. स्वतःच्या तोंडानं बोलणाऱ्या मला तरी पाचसुद्धा आठवत नाहीत. पाणी चार-पाच दिवसांआड, ते तसंच.

विडी घरकुल : पाण्याचं बाईवर ढकलू नका. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, पुढं जवळपास चार वर्षं प्रशासक. तेव्हा ना बाई होती ना तिचा नवरा. रोज पाणी आलं का तुमच्याकडं? आमच्याकडं रात्री दोनला सुटायचं. उठायचं कोण? घागरी, पिंप, टाकी भरून चारला आडवं व्हायचं, सहाला डबा. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या. अशा बाईला म्हणता, मीटिंगला का येत नाही.

जुळे सोलापूर : त्यात उपवास! घटस्थापनेपासून नऊ दिवस आमच्या वहिनी फक्त पाण्यावर. मधुमेहाची गोळी मात्र चालू. सातव्या दिवशी ओट्यापाशी कोसळल्या, कपाळाला पाच टाके. नवरा मटण खाऊन मोकळा आणि घराची बरकत बायकोच्या पोटावर. आधी हे बंद करा, मग राजकारण.

तुळजाईचा दास : आई भवानीच्या उपवासाला हात घालायचं काम नाही. कोण जबरदस्ती करतंय बे? माझ्या आईनं चाळीस वर्षं नवरात्र धरलं, ठणठणीत होती.

जुळे सोलापूर : 'बे' घरी. टाके तुमच्या कपाळाला पडलेले नाहीत.

तुळजाईचा दास : तुम्हाला देवच नको असेल तर सरळ सांगा की! उद्या म्हणाल, कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणंही बंद करा.

विडी घरकुल : चालण्याचं मी सांगते. माझी आई वीस वर्षं गेली, अनवाणी. इथून ४५ किलोमीटर. मी बारा वर्षांची असताना सोबत होते. तामलवाडीच्या पुढं एका मंडपात कुणीतरी तिच्या पायाला तेल लावलं, चहा हातात दिला. आई रडायला लागली. मला वाटलं पाय दुखतायत. ती म्हणाली, "बसल्या जागी चहा आजच मिळाला गं." वर्षातनं त्या एका रात्री तिला कुणी "कुठं चाललीस" विचारत नव्हतं. त्यामुळं दादा, वारीला मी कुणाला नावं ठेवू देणार नाही. पण गोळी खाऊन उपाशी राहणं वेगळं, त्याला भक्ती म्हणू नका.

सिव्हिल चौक : मी नर्स आहे. नवरात्रात अशा बायका दरवर्षी बघते. काही गोळ्यांनी, इन्सुलिननं तर हमखास, उपाशीपोटी साखर झपकन खाली येते. घाम, थरथर, मग शुद्ध हरपते. आणि गोळी मनानं बंद केली तर साखर चढते. नुसता साबुदाणा खाल्ला तरी चढते. उपवास धरायच्या आधी डॉक्टरांना विचारून डोस बदलून घ्या. देवी रागावत नाही.

तुळजाईचा दास : विचारायला ना नाही. आईला शुगर नव्हती, हे मान्य. पण बोलायची पद्धत असते.

चाटी गल्ली : माझा विषय कुठच्या कुठं नेला राव. प्रशासकाचा मुद्दा बरोबर आहे, तेवढा घेतो. तरी नवरा मीटिंगला बसतो हे चूकच.

उत्तर कसबा : चूकच. मग त्याला उठवा! तुम्ही चार वेळा झोन ऑफिसात गेलात. एकदा तरी म्हणालात का, बाईंना बोलवा, त्यांच्याशीच बोलतो?

चाटी गल्ली : नाही म्हणालो. काम अडलं असतं.

विडी घरकुल : बाईचं अडलेलं चालतं.

चाटी गल्ली : बरं. आमच्याकडचा रस्त्यावरचा दिवा महिनाभर बंद आहे. उद्या फोन लावून बाईंनाच मागतो. नवऱ्यानं दिला नाही तर इथंच लिहीन, आणि तेव्हा मला गप्प बसा म्हणायचं नाही.