होम रूल चार्टर : पेनसिल्व्हेनियातल्या मंडळींची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या टाउनशिपमध्ये (म्हणजे गावाच्या स्थानिक प्रशासनात) स्वतःचं होम रूल चार्टर, म्हणजे गावाचा कारभार कसा चालवायचा हे गावानेच ठरवणारी सनद, करायचं घाटतंय. आमच्याच राज्यातल्या पिट्सबर्ग शहराने असं चार्टर १९७४ मध्येच मतदानाने मंजूर केलं, पण आमच्याकडे कोणालाच अनुभव नाही.

राज्याच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे आधी मतदारांना विचारायचं, कारभाराची पद्धत बदलावी का हे तपासणारी अभ्यास समिती हवी का? त्याच मतपत्रिकेवर ७, ९ किंवा ११ सदस्यही निवडायचे. समितीने ९ महिन्यांत अहवाल द्यायचा, चार्टर लिहायचं ठरलं तर आणखी ९ महिने, आणि शेवटी पुन्हा मतदान. इथवर समजलं.

घोडं अडलंय करावर. चार्टर आल्यावर रहिवाशांच्या कमाईवरच्या कराला राज्याची कमाल मर्यादा राहत नाही म्हणे. शेजारच्या आजोबांनी तर "आधी कर सांगा!" अशी पाटीच अंगणात ठोकलीय. (त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही.)

तुमच्या गावाच्या चार्टरमध्येच कराची मर्यादा लिहून घेतली आहे का? ती ओलांडायला पुन्हा मतदान लागतं का? कलमाचा नेमका मजकूर मिळाला तर फार बरं होईल. आणि समितीला उभं राहायचं तर नोकरी सांभाळून जमतं का, तेही सांगा.