धेंपो, साळगावकर आयएसएलमध्ये का नाहीत?

फातोर्डा_स्टँड: आय-लीगचे, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल फुटबॉल लीगचे, पहिले सहाही मोसम (2007-08 ते 2012-13) गोव्याच्या क्लबांनी जिंकले: धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. 2014 च्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) मात्र यांतला एकही क्लब नाही. हरून खाली गेले, की घेतलेच नाहीत?

लेफ्टबॅक: मैदानावर ठरायची गोष्टच नव्हती ती. डिसेंबर 2010 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी 15 वर्षांचा, 700 कोटींचा करार केला, त्यातून ही फ्रँचायझी लीग निघाली. पैसे भरून शहराचे हक्क घ्या, संघ नव्याने उभा करा. आठ संघ, प्रत्येकी 14 साखळी सामने, ऑक्टोबर ते डिसेंबर, आय-लीग त्यानंतर. तेच खेळाडू लोनवर इकडून तिकडे.

खाली जाण्याचं म्हणाल, तर धेंपो 2014-15 ला गेला, पण 2016 ला सेकंड डिव्हिजन जिंकून परतला. त्याच वर्षी महासंघाचा आराखडा आला: आयएसएल वर, आय-लीग खाली, आणि खालून वर जायला वाट नाही. धेंपो, साळगावकर आणि गोव्याचाच स्पोर्टिंग, तिघांनीही माघार घेतली. वाट नसलेल्या लीगवर कोण पैसे घालणार?

ऑफसाइड: एक खुलासा. 2014 ला सुरू झाली तेव्हा आयएसएल अव्वल लीग नव्हती. 2017-18 पासून दोन्ही एकाच वेळी चालल्या, अव्वल दर्जा मिळाला 2019-20 ला. जेतेपदं मोजताना इथेच घोळ होतो. दुसरा घोळ शील्डचा. त्या मोसमात साखळीत पहिला आलेल्या एफसी गोवाला शील्ड मिळाली आणि तिच्या जोरावर तो 2021 ला एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळला, भारतातला पहिलाच क्लब. साखळीनंतरच्या बाद फेरीचा करंडक मात्र कोलकात्याच्या एटीकेने नेला, तोही गोव्यातल्या फातोर्डा मैदानावरच, करोनामुळे रिकाम्या स्टँडसमोर.

फातोर्डा_स्टँड: मग आता तरी वाट आहे का?

लेफ्टबॅक: वर जायची आहे. आय-लीग जिंकून 2022-23 ला पंजाब, 2023-24 ला मोहम्मडन वर गेले, फ्रँचायझी शुल्क न भरता. 2024-25 पर्यंत आयएसएलमधून खाली मात्र कुणी आलं नाही. त्या मोसमात धेंपोही आय-लीगमध्ये परतला होता. विजेता म्हणून आधी चर्चिलचं नाव जाहीर झालं. गुणांचा वाद क्रीडा लवादात गेला आणि जुलै 2025 मध्ये जेतेपद इंटर काशीकडे वळलं.