पावसातले लंडन आणि हॉप-ऑन हॉप-ऑफ बस

पावसाच्या दिवशी हॉप-ऑन हॉप-ऑफ बसचे, म्हणजे एकाच तिकिटावर हव्या त्या थांब्यावर उतरून पुन्हा चढता येणाऱ्या पर्यटक बसचे, तिकीट वाया जाते, असे एक मत ऐकू येते; ते मला पटत नाही. लंडनचा वर्षभराचा पाऊस आपल्या सोलापूरच्या पावसापेक्षा फार वेगळा नाही. आपल्याकडे तो मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये, बऱ्याचदा मोजक्या जोरदार सरींत कोसळतो, तर तिथे तो बारा महिने थोडा थोडा भुरभुरत राहतो. त्यामुळे पाऊस थांबण्याची वाट पाहत हॉटेलात बसण्याऐवजी छताखालची ठिकाणे जोडणारे वाहन म्हणून या बसकडे पाहावे.

वरचा मजला उघडा असला तरी अनेक गाड्यांत त्याचा पुढचा भाग छताखाली असतो; तिथे जागा मिळाली तर उत्तमच, कारण खालच्या काचांवर वाफ धरते आणि मग बाहेरचे काही धड दिसत नाही. ट्रफाल्गर चौकात उतरून नॅशनल गॅलरी पाहावी. ब्रिटिश म्युझियमला मात्र निदान अर्धा दिवस द्यावाच, कारण 2000 साली खुल्या झालेल्या तिथल्या काचेच्या छताच्या प्रांगणात पावसाळी दिवसही उजळ वाटतो आणि संग्रहालयाच्या दालनात आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे पाहता येतात. या दोन्ही ठिकाणी कायमस्वरूपी संग्रह पाहायला प्रवेशशुल्क नाही. टॉवर ऑफ लंडनचे तिकीट महाग आहे, शिवाय तिथे एका इमारतीतून दुसरीकडे जाताना भिजावे लागते, म्हणून तो कोरड्या दिवसासाठी राखावा.

24 तासांचे तिकीट पहिल्यांदा बसमध्ये चढल्यापासून मोजतात की तारखेनुसार, हे घेतानाच विचारावे.