चापडा पाहायला दगड उलटावे लागत नाहीत

साप पाहायचे तर दगड उलटावेत, ते हमखास दिसतात, असे मत काहीजण मांडतात; आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागापुरते तरी मला ते पटत नाही. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पाऊस स्थिरावला की मलबार चापडे हे विषारी साप ओढ्याकाठच्या ठेंगण्या फांद्यांवर आणि शेवाळलेल्या खडकांवर उघड्यावरच बसलेले असतात. एकच चापडा मी सलग ४ रात्री त्याच फांदीवर, त्याच वेटोळ्यात पाहिला आहे, तोंडाची दिशा तेवढी बदललेली. तो हिरवा, तपकिरी, पिवळसर असा कसाही असू शकतो, म्हणून रंगामागे न लागता त्रिकोणी डोके आणि डोळा व नाकपुडी यांमधली, भक्ष्याच्या अंगची ऊब टिपणारी खाच पाहावी. शिवाय दगड हलवला की खालची ओल मोडते, आणि तो होता तसा परत बसवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

फोटोसाठी आकडीने साप उचलणे तर नकोच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठी अडचण अशी की आपल्याकडचे सर्पदंशावरचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषापासून तयार होते. चापडा चावल्यास त्यावर भिस्त ठेवता येत नाही. गमबूट, दोन विजेऱ्या आणि वाट माहीत असलेला गावातला एक सोबती, एवढ्यावर काम भागते. याच भागातल्या भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नये.