बोस्टनचा खरा निकाल कोणता: मालिनिनचे क्वाड की लिऊची सुट्टी?

होटगीरोडकरीण

पाडव्याच्या सकाळी गुढीची काठी धुऊन गॅलरीत टेकवलेली, साखरेची गाठी ताटात, आणि मी मोबाइल तेलाच्या बरणीला टेकवून बोस्टनची पुरुषांची फ्री स्केट, म्हणजे स्पर्धेचा दुसरा, मोठा भाग, बघत होते. आदल्या दिवशी पहाटे साडेतीनला उठून महिलांची बघितली. घरच्यांच्या मते मला वेड लागलंय, तो विषय वेगळा.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जागतिक फिगर स्केटिंग स्पर्धा, मार्च २०२५. पुरुषांत अमेरिकेचा इलिया मालिनिन ३१८.५६ गुणांनी पहिला, कझाकस्तानचा मिखाईल शायदोरोव २८७.४७ वर दुसरा, जपानचा युमा कागियामा २७८.१९ वर तिसरा. महिलांत अमेरिकेची अलिसा लिऊ २२२.९७, मग जपानच्या दोघी: काओरी साकामोतो २१७.९८ आणि मोने चिबा २१५.२४. जोड्यांमध्ये जपानचे मिउरा-किहारा. आइस डान्सला अमेरिकेचे चॉक-बेट्स, सलग तिसऱ्यांदा.

तेव्हापासून जो तो मालिनिनच्या उड्यांचे व्हिडिओ पाठवतोय. माझ्या मते बोस्टनला एकच गोष्ट घडली, ती म्हणजे लिऊ. तेराव्या वर्षी अमेरिकेची विजेती. सोळाव्या वर्षी ऑलिंपिक खेळल्यावर आणि जागतिक स्पर्धेत कांस्य मिळाल्यावर म्हणाली, बास, आणि थांबली. जवळजवळ दोन वर्षं बर्फाकडे फिरकली नाही. मग कधीतरी स्कीइंगला गेली, बरं वाटलं, म्हणून सहज रिंकवर जाऊन आली. परतताना अट एकच: संगीत, कपडे, सराव, सगळं मी ठरवणार. आणि एकोणिसाव्या वर्षी जगज्जेती. अमेरिकेच्या बाईला हे पद २००६ नंतर मिळालं. लहान असताना ही पोरगी ट्रिपल ॲक्सेल मारायची, क्वाड लुट्झ मारायची, दोन्ही भारी अवघड उड्या. बोस्टनला दोन्ही नव्हते. तरी शॉर्ट (पहिला, छोटा भाग) आणि फ्री, दोन्हीत पहिली. सोनेरी ड्रेस, आणि उडी उतरली की आपल्यालाच गंमत वाटल्यासारखं हसणं.

माझी लेक सहा वर्षं रोलर स्केटिंगला जायची. आठवीत सोडलं. तिच्या क्लासमध्ये सांगितलं, 'आता सोडलं म्हणजे संपलं.' मीही वर्षभर तिला टोमणे मारले. लिऊला बघताना ते सगळे आठवले. पोरांना सोडू द्यावं, एवढंच म्हणायचंय.


पार्कमैदान_सकाळी_सहा

ताई, मनापासून लिहिलंय, पण पटलं नाही. अपवाद बघून कुणी नियम करतं का?

लिऊ सुट्टीमुळे जिंकली नाही. पाचव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत जे घोटून घेतलं होतं, त्यावर जिंकली. ते शरीरात मुरलेलं होतं म्हणून दोन वर्षांनी परत हाताला लागलं. आपल्याकडे पोरगं तीन महिने येऊन सोडतं आणि आई म्हणते, राहू द्या सर, मन होईल तेव्हा येईल. चाळीस पोरं येतात जूनमध्ये, दिवाळीला नऊ उरतात.

आणि मालिनिनला 'उड्यांचे व्हिडिओ' म्हणून बाजूला सारू नका. दुसऱ्यापेक्षा ३१ गुण जास्त! बाकी सगळ्या उड्या पाठमोऱ्या घेतात, ॲक्सेल एकटीच समोर तोंड करून, म्हणून तिला अर्धी फेरी जादा. क्वाड ॲक्सेल म्हणजे हवेत साडेचार फेऱ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये लेक प्लॅसिडला त्याने मारेपर्यंत स्पर्धेत ती कुणालाही जमली नव्हती. ही सुट्टी घेऊन येत नाही.


शेंगाचटणी

काय बोलालेत बे हे लोक. आमच्या भाच्याच्या क्लासात क्वाड म्हणजे चार चाकांचं स्केट, आणि इनलाइन म्हणजे एका ओळीतलं. मी 'मालिनिनने क्वाड मारले' वाचून विचार करालोय, कुणाला मारले? आणि एका माणसाच्या पायात एवढे क्वाड मावले कसे?

बाहेर सोलापुरात बेचाळीस डिग्री, चार दिवसांआड पाणी, आणि इथं बर्फावर भांडण. चालू द्या, वाचून गार वाटालंय.


यंत्रमाग_निवृत्त

क्वाड म्हणजे हवेत चार फेऱ्या, ट्रिपल म्हणजे तीन, शेंगाचटणी. आता हिशोबाचं बोलू.

आमच्या कारखान्यात टॉवेलचा तागा दिव्याखाली टेबलावर ओढून तपासायचे. डिझाइन कितीही देखणं असो, धागा तुटलेला दिसला की पैसे कापले. इथंही तसंच आहे. प्रत्येक उडीला ठरलेली किंमत: ट्रिपल लुट्झ ५.९०, क्वाड लुट्झ ११.५०, क्वाड ॲक्सेल १२.५०. मग नऊ परीक्षक उणे पाच ते अधिक पाच शेरा देतात. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा काढून टाकतात, बाकीच्यांची सरासरी. एक पायरी म्हणजे उडीच्या किमतीचा दहावा हिस्सा.

आता गंमत बघा. क्वाड ॲक्सेलच्या फेऱ्या पूर्ण करून माणूस आपटला, सगळ्यांनी उणे पाच दिले, तर निम्मी किंमत गेली, ६.२५ उरले. पडल्याचा एक गुण वजा. हातात ५.२५. आणि दुसरीकडे एखादी पोरगी ट्रिपल लुट्झ नीट उतरवते, तिला ५.९०. साडेसहा दशांशाचा फरक! आमच्याकडे भोक पडलेल्या टॉवेलला एवढा भाव कुणी दिला नसता.


विजापूररोड_चिकित्सक

काका, हिशोब बरोबर, पण 'साडेसहा दशांश' म्हणजे ०.६५, लोकांना साडेसहा वाटेल.

माझा आक्षेप दुसऱ्या ठिकाणी आहे. कलेच्या गुणांना छत आहे, उड्यांना नाही. रचना, सादरीकरण, स्केटिंगचं कौशल्य, तिन्हीला दहापैकी दहा दिले तरी पुरुषांच्या फ्रीमध्ये शंभराच्या वर जाता येत नाही. उड्या अवघड करत गेलात की तो आकडा वाढतच जातो. मग शहाणा माणूस उडीच शिकणार. मालिनिनचा दोष नाही, गुणांच्या तक्त्याचा आहे.

तक्ताही कधी कधी मजा करतो. जोड्यांमध्ये फ्री स्केटला जर्मनीचे हाझे-वोलोदिन पुढे होते, १४५.४९ विरुद्ध १४३.२२. पण शॉर्टमधल्या आघाडीवर मिउरा-किहारा ०.७१ ने जिंकले. एखाद्या गिरकीला परीक्षकांनी काय शेरा दिला यावर सोनं ठरलं असेल.


पार्कमैदान_सकाळी_सहा

तक्ता नव्हता तेव्हा काय होतं तेही सांगा ना. २००२ चं सॉल्ट लेक सिटी. जोड्यांचं सोनं रशियाला दिलं, मग फ्रान्सच्या परीक्षकावर दबाव होता असं बाहेर आलं, आणि शेवटी कॅनडाच्या जोडीला दुसरं सोनं द्यावं लागलं. सहापैकी सहाची जुनी पद्धत त्याच भानगडीने गेली. 'सुंदर वाटलं' म्हणून गुण द्यायला लागलात की असंच होणार.

आणि तक्ता फक्त उडीबाजांचा असता तर लिऊ जिंकलीच नसती. ट्रिपल ॲक्सेलवाली अँबर ग्लेन पाचवी आली, विसरू नका. ताईंची लाडकी पोरगी याच तक्त्यावर पहिली आली.


होटगीरोडकरीण

हे मान्य. मुद्दा चांगला काढलात, राग येऊनसुद्धा.

पण मालिनिनचे आई-वडील दोघंही उझबेकिस्तानकडून ऑलिंपिकला स्केटिंग केलेले. तो बर्फातच वाढला. त्याची मेहनत मोठीच आहे, पण ती बघून आमच्या पोरांनी काय शिकायचं? शाळेच्या मैदानातल्या कोटा फरशीवर चाक अडकतं, खडा आला की पोर तोंडावर.


पार्कमैदान_सकाळी_सहा

कोट्यावरच शिकायचं. हैदराबाद इथून तीनशे किलोमीटर. तिथल्या अनुप कुमार यामाने २०१० च्या ग्वांगझू एशियाडला चाकांवर दोन कांस्यं आणली, एक एकट्याचं, एक जोडीचं. हेच गिरक्या आणि उड्यांचं स्केटिंग, फक्त खाली बर्फ नाही. पुढे अर्जुन पुरस्कार. बर्फाचं म्हणाल तर देशात आहे काय? शिमल्याची १९२० पासूनची उघड्यावरची रिंक, ती थंडी पडली तर. देहरादूनला २०११ मध्ये एका स्पर्धेसाठी मोठी बांधली, ती नंतर वर्षानुवर्षं कुलपात होती.


सिद्धेश्वर_पेठ

एक गोष्ट कुणीच काढली नाही म्हणून. २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनजवळ विमान पडलं, ६७ माणसं गेली. त्यात २८ जण स्केटिंगचे: शिबिराहून परतणारी मुलं, त्यांचे आईवडील, प्रशिक्षक. शिश्कोवा आणि नाऊमोव्ह, १९९४ चे जगज्जेते, त्यातच होते, आणि ते बोस्टनच्याच क्लबात शिकवायचे. बोस्टनला स्पर्धेत त्यांना श्रद्धांजली वाहिली तेव्हा माझ्याच्याने बघवेना. अमेरिकेचा स्केटिंग संघ १९६१ मध्येही असाच ब्रसेल्सला विमानात गेला होता, त्या वर्षीची जागतिक स्पर्धाच रद्द झाली.

मालिनिन की लिऊ, मला त्या दोन महिन्यांनंतर कुणीही हसलेलं चाललं असतं.


यंत्रमाग_निवृत्त

हे वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

शायदोरोवचंही नाव घ्या कुणीतरी. कझाकस्तानच्या पुरुषांत स्केटर डेनिस तेननंतर जागतिक स्पर्धेतलं पहिलं पदक. तेनला २०१८ मध्ये अल्माटीत भर रस्त्यात भोसकून मारलं होतं. तो देश काही स्केटिंगचं माहेरघर नाही. ट्रिपल ॲक्सेल, मध्ये एक छोटी उडी, आणि लगेच क्वाड सॅल्कोव, अशी साखळी या पोराने पहिल्यांदा लावली. आपल्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणाऱ्याला बघा, पट्टा कमरेला, मान वर, आणि पाऊल मात्र जमिनीकडे न बघता पडतं. तसा तो उतरतो.


चाकं_सोडलेली

मी अकरावीत आहे, नवी पेठेजवळ राहते. मीपण सहावी ते नववी स्केटिंग केलं आणि सोडलं. होटगीरोडकरीण काकू, राग मानू नका, पण तुमचा धागा वाचून मला धडकी भरली.

तुम्ही म्हणताय 'सोडू द्यावं', पण डोळा सगळा परत येण्यावर आहे. लिऊ बोस्टनला चौथी आली असती तर तुम्ही धागा काढला असता का? माझ्या मम्मीने हाच व्हिडिओ मला तीनदा पाठवलाय, खाली फक्त एक हसरा चेहरा. आधी प्रेशर होतं सोडू नकोस म्हणून. आता प्रेशर आहे, घे विश्रांती, मग परत ये आणि जिंक. मला परत जायचंच नाही. मला पहाटे पाचला गुडघ्याला पट्टे बांधायचा कंटाळा यायचा, बाकी काही कारण नव्हतं. कंटाळा हे कारण मोठ्यांना चालतच नाही, सारखं विचारतात की 'झालं काय?'


पार्कमैदान_सकाळी_सहा

पोरी, मी तीस वर्षं शिट्टी वाजवतोय. कंटाळा आला म्हणून गेलेल्यांना मी आजवर आळशी म्हणत आलो. तुझं पूर्ण पटलेलं नाही, पण 'झालं काय' हे मी उद्यापासून विचारणार नाही. गैरहजेरी मात्र लिहिणार.


विजापूररोड_चिकित्सक

अवांतर: लिऊच्या बाबतीतही आपण शेवट माहीत असलेली गोष्ट सांगतोय. सोळाव्या वर्षी तिने सोडलं तेव्हा तिला परत यायचं नव्हतं, ती निवृत्तच झाली होती. 'दोन वर्षांची सुट्टी' हे नाव आपण २०२५ मध्ये बसून ठेवलंय.


होटगीरोडकरीण

चाकं_सोडलेली, राग नाही आला. दुपारपासून उत्तर लिहून पुसतेय.

चौथी आली असती तर धागा काढला नसता. आणि दुसरंही सांगून टाकते. लिऊ जिंकली त्याच शनिवारी दुपारी माळ्यावरून लेकीचे स्केट काढले. एका जोडीत आठ चाकं, प्रत्येक चाकात दोन, अशी सोळा बेअरिंग. सगळी गंजलेली. पेट्रोलात भिजवून, जुन्या ब्रशने घासून, तेलाचा थेंब सोडून फिरवून बघितली. तेरा फिरली. लेक क्लासहून आली, बाल्कनीत वर्तमानपत्रावर पसरलेलं सगळं बघितलं, काही न बोलता आत गेली. मी स्वतःला सांगत होते की साफ करून ठेवतेय फक्त.


शेंगाचटणी

काकू, मग ते स्केट द्यायचे आहेत का? भाच्याला क्वाडच पाहिजेत, नवे परवडत नाहीत. तीन बेअरिंग आम्ही बदलून घेतो. साइझ काय?


होटगीरोडकरीण

चार. तिला विचारून सांगते. आत्ता नळ आलाय, पिंप भरायचंय.