रोमन सैन्य वेढा घालताना गुलामांकडून काम करून घ्यायचं का?

कालच मसाडाचे (रोमनांनी वेढलेला ज्यू लोकांचा डोंगरी किल्ला) फोटो बघितले. एवढा मोठा मातीचा रॅम्प सैनिकांनी स्वतः बांधला असेल असं वाटत नाही, गुलाम जुंपले असणार ना?

भटकभवान्या: खोदकाम मुख्यतः सैनिकच करायचे हो. प्रत्येकाकडे कुदळ-कुऱ्हाड एकत्र असलेलं डोलाब्रा असायचं, रोजची छावणीसुद्धा तेच खणायचे. इ.स.पू. ५२ मध्ये अवारिकमला (गॉलमधलं, म्हणजे आजच्या फ्रान्समधलं शहर) वेढा घालताना सीझरच्या लोकांनी ३३० फूट रुंद आणि ८० फूट उंच बांध २५ दिवसांत उभा केला, तोही थंडी-पावसात, आणि हे सीझर स्वतःच लिहितो, म्हणजे थोडी फुशारकी धरून चला :)

कोपऱ्यातला: पण गुलाम नव्हतेच असं नाही. कालोनेस म्हणून सेवक असायचे, बरेचसे गुलामच, खेचरं सांभाळणं, सामान वाहणं वगैरे. आणि मसाडाला तर त्या काळचा ज्यू इतिहासकार जोसिफस सांगतो की रोमन सेनापती सिल्व्हाने ज्यू कैद्यांकडून लांबून अन्न-पाणी आणवलं. रॅम्प त्यांनी बांधला असं मात्र तो म्हणत नाही. शिवाय तिथे खाली डोंगराची नैसर्गिक सोंड होतीच, त्यावर भर घातली.

भटकभवान्या: बरोबर. कैद्यांना खणायला लावल्याचं उदाहरण हवं तर ग्रीसमधला कोरिंथचा कालवा बघा, तो खणायला सेनापती व्हेस्पासियनने ६००० ज्यू कैदी सम्राट नीरोकडे पाठवले होते. पण तो वेढा नव्हे.

मूळ प्रश्नकर्ता: अच्छा म्हणजे पाणी कैद्यांनी वाहायचं आणि माती सैनिकांनी. मला उलटं वाटत होतं, धन्यवाद.