प्रतिसाद: फेलोशिप आणि सोलापूरची पोरं

वर कुणीतरी लिहिलंय, की पत्रकारितेच्या असल्या उन्हाळी फेलोशिप, म्हणजे सुट्टीत मानधन घेऊन बातमीदारीचं काम शिकायची संधी, दिल्ली-मुंबईच्या इंग्रजी पोरांसाठी. सोलापूरच्या विद्यार्थ्यानं मुकाट्यानं प्रेसनोटा टाईप कराव्यात. अर्धंच पटलं. २०१३ मध्ये गूगलनं अमेरिकेत दहा आठवड्यांची पत्रकारिता फेलोशिप काढली, तेव्हा मुलांना प्रोपब्लिका (शोधपत्रकारिता करणारी संस्था), नीमन लॅब (पत्रकारितेच्या भविष्याचा अभ्यास करणारी हार्वर्डची संस्था) अशा ठिकाणी पाठवलं आणि ७,५०० डॉलर मानधन दिलं. आपल्याकडं मानधन राहू द्या, चहासुद्धा स्वतःच्या खिशातून!

पण विषयांचा तुटवडा आहे का इथं? आपल्या उजनी धरणाचंच घ्या. मे महिन्यात 'उजनी मायनसमध्ये' ही बातमी जवळपास दरवर्षी येते. वाचणाऱ्याला वाटतं धरण कोरडं पडलं. प्रत्यक्षात एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला सुमारे ६३ मृतसाठा, म्हणजे तळाचं राखीव पाणी. शून्य टक्के म्हणजे नुसता उपयुक्त साठा संपला; मायनस म्हणजे मृतसाठ्यातलं पाणी वापरायला घेतलं. हे रोजच्या आकड्यासह दाखवणारं साधं पान, आणि शहरात कुठल्या भागात नळाला पाणी कधी येणार याचा व्हॉट्सअॅप निरोप, एवढं एका विद्यार्थ्याकडून उन्हाळ्यात होऊ शकतं. शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागासाठी तेलुगूत आवाजी बातमीपत्र केलं तर विडी वळता वळता बायका ऐकतील. छापील पेपर वाचायला त्यांचे हात मोकळे असतात कुठं?

अट एकच: पेपरच्या मालकांनी पोराला शिकवायला एक माणूस नेमून द्यावा आणि जाहिराती गोळा करायला पिटाळू नये. विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागानं दोन-तीन दैनिकांना एकत्र बसवलं तर पुढच्या एप्रिलपासून सुरू करता येईल. अर्ज मात्र मराठीतूनच घ्या बुवा.